आधी गाय, मग यमक

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, पार ईशान्येच्या अंगाला एल्को नावाचं गाव आहे. वस्ती वीसेक हजारांची. आजूबाजूला मैलोन् मैल सेजब्रश नावाचं करडं, खुरटं झुडूप आणि त्यामागे डोंगर. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीला, रस्त्याकडेला बर्फ साचलेलं असताना, इथे काउबॉय कवितांचं संमेलन भरतं. रुंद कडांच्या हॅट घातलेली माणसं व्यासपीठावर येतात, हातात कागद नसतो, चष्मा लावायचा नसतो, आणि दहा-दहा मिनिटांची कविता एका दमात पाठ म्हणून दाखवतात.

इतक्या कडाक्याच्या थंडीत संमेलन का भरवायचं, याचं उत्तर गाईच्या पोटात आहे. गाय साधारण २८३ दिवस गाभण राहते. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाला वळू कळपात सोडतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चपासून गाई व्यायला लागतात. शरद ऋतूत वासरं विकून होतात. मधल्या काळात गुरांना रोज वैरण टाकायची आणि पाण्यावरचा बर्फ फोडायचा, एवढंच काम उरतं, आणि ते चार दिवस शेजाऱ्यावर सोपवता येतं. रँचवरच्या माणसाला वर्षात सवड मिळते ती या एवढ्या फटीत. म्हणून संमेलन जानेवारीत.

काउबॉय कविता समजून घ्यायची तर ही तारीख ही पहिली किल्ली आहे. या कवितेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, तिची लांबी, तिचं यमक, तिचा विनोद, तिच्यातले अनोळखी शब्द, कुठल्या तरी कामातून आलेली आहे. काम कळलं की कविता कळते. काम कळलं नाही तर नुसती टोपी दिसते.

व्याख्या सोपी आहे. गुरं राखणाऱ्या किंवा रँचवर जगणाऱ्या माणसांनी त्याच जगण्याविषयी केलेली, बहुतेक वेळा वृत्तात आणि यमकात बांधलेली, आणि वाचण्यापेक्षा म्हणून दाखवण्यासाठी असलेली कविता म्हणजे काउबॉय कविता. रँच म्हणजे गुरांचं मोठं राखण-रान. आपल्या गोठ्याशी त्याची तुलना करू नये. तिथली गुरं बांधलेली नसतात, दुधासाठी नसतात, मांसासाठी असतात, आणि वर्षातला बराच काळ उघड्यावर चरतात. धारा काढायचा प्रश्न नाही. प्रश्न असतो तो त्यांना शोधण्याचा, वळवण्याचा, मोजण्याचा आणि जगवण्याचा. हे सगळं घोड्यावरून.

आपल्या डोळ्यांपुढे काउबॉय येतो तो सिनेमातला. कमरेला पिस्तूल, ओठांत चिरूट, एकटा. खरा काउबॉय पगारी मजूर होता. यादवी युद्ध १८६५ साली संपलं तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची अर्धरानटी गुरं लाखोंनी मोकाट फिरत होती. तिथे एका जनावराला तीन-चार डॉलर मिळत, तेच जनावर उत्तरेच्या बाजारात तीस-चाळीस डॉलरला जाई. अडचण एवढीच की रेल्वे टेक्सासपर्यंत पोचली नव्हती. १८६७ साली जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन या रेल्वे-स्थानकाशी गुरांचे कोंडवाडे बांधले, आणि टेक्सासहून तिथवर कळप हाकत नेण्याचा धंदा फोफावला. एका कळपात दोन-तीन हजार जनावरं, बरोबर डझनभर माणसं, दिवसाला सोळा ते चोवीस किलोमीटर चाल, आणि वाटेत दोन-तीन महिने. जास्त पळवलं तर जनावर रोडावतं आणि भाव पडतो, म्हणून चालही चरत-चरत.

पगार महिन्याला तीस डॉलरच्या आसपास. घोडे मालकाचे, खोगीर मात्र स्वतःचं. चांगल्या खोगिरात महिन्याभराचा पगार सहज जाई. त्यांच्या भाषेत ‘त्याने खोगीर विकलं’ म्हणजे तो माणूस संपला, त्याच्याकडे आता काही उरलं नाही. हा वाक्प्रचार कवितेत येतो तेव्हा कवी पुढे एक शब्दही समजावत नाही. समजावायची गरजच नसते.

या माणसांत गोरे जितके होते तितकीच दुसरी माणसंही होती, असं नाही म्हणता येणार. पण सिनेमाने दाखवली त्याहून कितीतरी जास्त होती. गुलामगिरीतून नुकते सुटलेले कृष्णवर्णीय काउबॉय अभ्यासकांच्या अंदाजाने चौघांत एक होते. मेक्सिकन तर गुरुस्थानीच. घोड्यावरून गुरं राखायची कला स्पॅनिश वसाहतींमधून आली, आणि शब्दही तिथूनच आले. स्पॅनिशमध्ये गाईला ‘व्हाका’, गुराख्याला ‘व्हाकेरो’. त्याचाच इंग्रजी तोंडात ‘बकारू’ झाला, आणि नेवाडात आजही काउबॉयला बकारूच म्हणतात. ‘ला रेआता’ म्हणजे दोर. त्याचा झाला ‘लॅरिएट’. रँच, रोडिओ, मस्टँग, सगळे त्याच घरचे.

आता रात्रीचा पहारा. माझ्या मते ही कविता जन्मली तिथे.

दिवसभर चाललेला कळप रात्री माळावर बसवतात. भोवती कुंपण नाही, झाड नाही. स्वयंपाक्याची गाडी थोड्या अंतरावर, आणि झोपण्याआधी स्वयंपाकी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या दिशेने वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी उत्तर कुठे ते कळावं. दोन-दोन तासांच्या पाळ्या. एका वेळी दोघे स्वार कळपाभोवती एकमेकांच्या उलट दिशांनी हळूहळू फेऱ्या मारत. आणि फेऱ्या मारताना गात.

गाण्यामागे हौस नव्हती, कारण होतं. ही गुरं अर्धरानटी, अंधारात बिचकणारी. काटकी मोडली, घोडा ठेचकाळला, कुणी काडी ओढली, तरी एक जनावर उसळायचं आणि त्याच्यामागे तीन हजार. विजा चमकायला लागल्या की तर विचारूच नका. असा कळप उधळला की पुढच्या जनावरांच्या बगलेला घोडा भिडवून त्यांना वळवत-वळवत गोल फिरवावं लागे, तेही काळोखात, बिळांनी पोखरलेल्या जमिनीवर. घोडा पडला तर स्वार गेला. गाणं म्हणत फिरलं की गुरांना कळत राही की हा आवाज ओळखीचा, तो इथून तिथे सरकतोय, घाबरायचं कारण नाही. शिवाय समोरून येणाऱ्या जोडीदाराला कळे की आपण कुठे आहोत, आणि जागे आहोत.

दोन तास गायचं म्हणजे भरपूर मजकूर हवा. चर्चमधली भजनं संपली की जुने स्कॉटिश-आयरिश पोवाड्यांसारखे कथागीतांचे साचे घ्यायचे आणि त्यात आपल्या गोष्टी भरायच्या: अमक्या नदीत बुडालेला पोऱ्या, तमक्या घोड्याने आपटलेला फुशारक्या, घरी आईला दिलेलं वचन. चाल घोड्याच्या संथ पावलाला जुळणारी. जात्याच्या घरघरीवर ओवी बसते ना, तसं. हात किंवा पाय एका ठेक्यात चालू असला की शब्द आपसूक त्या ठेक्यात पडतात.

ठेका कसा असतो ते दाखवायला चार ओळी मीच मराठीत जुळवल्या आहेत. मनात न वाचता मोठ्याने म्हणून पाहा:

अर्ध्या राती हाक मारली, पाळी आली माझी;
डोळ्यांत झोप, अंगी थंडी, घोडी नव्हती राजी.
तीन हजार गुरे बसलेली, वीज दूर लखलखली;
शब्द सुचेना, गात राहिलो – जनावरे ना हलली.

ओळीचे दोन तुकडे, पहिला लांब, दुसरा जरा आखूड, आणि शेवटी यमक. मूळ इंग्रजी कवितांत चार ठोक्यांचा तुकडा आणि तीन ठोक्यांचा तुकडा अशी जोडी फार येते. आखूड तुकड्यानंतर श्वास घ्यायला जागा मिळते, आणि यमक पुढच्या ओळीची खूण सांगतं. ज्याच्याजवळ पुस्तक नाही, दिवा नाही, आणि कित्येकदा अक्षरओळखही नाही, त्याच्यासाठी यमक म्हणजे दावं. कविता सुटून जाऊ नये म्हणून बांधलेलं. शहरी समीक्षक ‘जुनाट यमकबाजी’ म्हणून नाक मुरडतात तेव्हा ते हे विसरतात की ही कविता डोक्यात वाहून न्यायची होती, कपाटात ठेवायची नव्हती.

कळप हाकत नेण्याचा हा सगळा काळ मोजून वीसेक वर्षांचा. १८७४ साली जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, आणि बघता-बघता मोकळा माळ कुंपणांनी कापला गेला. रेल्वे दक्षिणेत पोचली. मग आला १८८६-८७ चा हिवाळा. आदल्या उन्हाळ्यात गवत करपलेलं, कळप गरजेपेक्षा मोठे, आणि त्यावर बर्फाचे थर. उत्तरेच्या माळांवर गुरं उभ्या-उभ्या मेली. मोंटानातल्या एका रँचच्या मालकाने कळपाची खुशाली विचारली, तेव्हा तिथल्या चार्ली रसेल नावाच्या तरुण काउबॉयने पत्राऐवजी एक लहानसं जलरंगातलं चित्र काढलं: बर्फात पाय रोवून उभी असलेली, बरगड्या मोजता येतील अशी एकटी गाय, आणि वाट पाहत बसलेले लांडगे. तेच उत्तर म्हणून मालकाला गेलं. पुढे रसेल फार मोठा चित्रकार झाला, पण त्या हिवाळ्याची हकिगत सांगायला आजही लोक ते पोस्टकार्डाएवढं चित्रच दाखवतात.

त्यानंतर काउबॉय उरला तो रँचवर, कुंपणाच्या आत, आणि कविता हळूहळू छापखान्यात शिरली. पण कुठल्या छापखान्यात? वाङ्मयीन मासिकांपेक्षा गुरांच्या बाजारभावाच्या पत्रांत. मोंटानातल्या माइल्स सिटीच्या ‘स्टॉक ग्रोअर्स जर्नल’मध्ये १८९३ साली डी. जे. ओमॅली या काउबॉयची एक कविता आली: हंगाम संपल्यावर आईकडे परतायचं ठरवलेला मुलगा उधळलेल्या कळपाखाली मरतो. ती इतकी पसरली, इतक्या तोंडांतून गेली, की लोक तिला निनावी लोकगीतच समजू लागले. या परंपरेत हा अपमान नव्हता. जॅक थॉर्प नावाचा गृहस्थ न्यू मेक्सिकोतून घोड्यावर फिरत अशी गाणी गोळा करत होता. १९०८ साली त्याने तेवीस गाण्यांचं छोटं पुस्तक छापलं, आणि त्यात स्वतः रचलेलं गाणंही नाव न घालता इतरांबरोबर ठेवून दिलं. दोन वर्षांनी जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह आला आणि विद्यापीठांचं लक्ष पहिल्यांदा इकडे वळलं.

एल्कोच्या माणसांना त्यांचा सर्वात मोठा जुना कवी कोण विचारलंत, तर बहुतेक जण ब्रूस किस्कॅडन हे नाव घेतील. जन्म १८७८. तरुणपणी कोलोराडो आणि ॲरिझोनात, काही काळ ऑस्ट्रेलियातही, गुरांमागे घोडा दामटला. नंतर लॉस एंजेलिसला आला, मूकपटात रथ हाकण्याचं काम केलं, आणि उरलेलं आयुष्य हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलण्यात काढलं. घंटी वाजली की उठायचं, बॅगा वर पोचवायच्या, परत येऊन बाकावर बसायचं, आणि पुढची घंटी वाजेपर्यंत दोन ओळी लिहायच्या. त्या कविता गुरांच्या व्यापाराच्या मासिकात आणि गुरांच्या बाजाराच्या दिनदर्शिकांवर छापून येत. रँचवरच्या बायका त्या कापून वहीत चिकटवत. किस्कॅडन १९५० साली वारला. त्याच्या कवितांत मोठं काही घडत नाही: पहाटेच्या अंधारात घोड्यावर घातलेलं थंड खोगीर, जुन्या पाणवठ्यावरची वाट, म्हातारा झालेला घोडा. पण लगाम कुठल्या हातात आहे ते तो कधी चुकत नाही, आणि त्याचे वाचक तेवढंच आधी तपासतात.

ही तपासणी फार कडक असते. उदाहरणार्थ दोर. टेक्सासचा काउबॉय आखूड दोर वापरतो आणि त्याचं टोक खोगिराच्या मुठीला पक्कं बांधून ठेवतो. दाट झुडपांत दुसरी संधी मिळत नाही, पकडलं की पकडलं. नेवाडाचा बकारू साठ फुटांपर्यंतचा लांब दोर बाळगतो आणि फास पडल्यावर तो मुठीभोवती हाताने गुंडाळतो. याला ते ‘डॅली’ म्हणतात. मूळ स्पॅनिश अर्थ ‘फेरा दे’. फायदा असा की दोर सैल सोडत-सोडत जनावराला झटका न देता थांबवता येतं. तोटा असा की गुंडाळताना अंगठा दोरात सापडला आणि पलीकडे चारशे किलोचं जनावर असलं, तर अंगठा जातो. अंगठा नसलेले हात त्या भागात नवलाचे नाहीत. आता कवितेत टेक्सासच्या माणसाला डॅली घ्यायला लावलं, तर सभागृहातला पंधरा वर्षांचा पोरगाही मान हलवेल.

डागाचंही तसंच. डाग म्हणजे जनावराच्या कातड्यावर तापल्या लोखंडाने उमटवलेली मालकाची खूण. प्रत्येक रँचचा नोंदवलेला डाग असतो, आणि तो डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचायचा. अक्षर आडवं पडलेलं असेल तर ते ‘आळशी’, खाली कमान असेल तर ‘झुलतं’, पंख असतील तर ‘उडतं’. तीन खुणांत एक घराणं. कवितेत डागाचं नाव आलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोरं, नदी, माणसं उभी राहतात.

वसंतात वासरांना डागण्याचा दिवस हा रँचवरचा सण असतो. शेजारपाजारचे वीस-तीस जण येतात, कुणी पैसे घेत नाही, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे आपण जायचं. आपल्याकडच्या इर्जिकीचाच प्रकार. स्वार वासराच्या मागच्या दोन्ही पायांत फास टाकून त्याला ओढत जाळाजवळ आणतो. दोघे दाबून धरतात. एकजण डाग देतो, एकजण लस टोचतो, गोऱ्हा असेल तर एकजण खच्ची करतो. दीड-दोन मिनिटांत वासरू उठून आईकडे. धूर, जळक्या केसांचा वास, वासरांचं हंबरणं आणि शेवटी सगळ्यांचं एकत्र जेवण. मुलांना पहिल्यांदा मोठ्यांत घेतलं जातं ते इथे, आणि किती कवितांमध्ये या दिवशी नातवाच्या हाती दोर दिला जातो, याची गणती नाही.

पैशाचं गणित मात्र सणासारखं नसतं. बहुतेक रँचचं वर्षाचं उत्पन्न शरदातल्या एका दिवसात येतं, वासरं ट्रकमध्ये चढतात त्या दिवशी. त्या दिवशी भाव काय, यावर बँकेचा हप्ता ठरतो. नेवाडाची ऐंशी टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्र सरकारची. रँचवाला ती चराईच्या परवान्यावर वापरतो, आणि हिशेब होतो ‘एका गाय-वासराला महिनाभर पुरेल इतका चारा’ या मापाने. दुष्काळ पडला की परवान्यातली गुरं कमी होतात. त्यात मुलं शहरात, आणि जमिनीला घरबांधणीवाल्यांचा भाव. म्हणून लिलाव, विकलेली रँच, रिकामं घर, बापाने न बोलता टांगून ठेवलेला दोर, हे आजच्या कवितेचे विषय आहेत. लोक याला गतकाळाचे उसासे म्हणतात. मला ते पटत नाही. स्वतःचं घर विकावं लागलेल्या माणसाने त्यावर कविता केली, तर ती चालू काळाची कविता आहे.

आणि विनोद? तो तर रगड. थापा, फजिती, घोड्याने आपटल्याच्या कहाण्या. वॉलेस मॅक्रे या मोंटानाच्या रँचवाल्याची सर्वात गाजलेली कविता पुनर्जन्मावर आहे, त्यामुळे आपल्याला ती पटकन कळते. एक काउबॉय दोस्ताला विचारतो, पुनर्जन्म म्हणजे काय रे? दोस्त समजावतो: तू मरशील, तुला पुरतील, तुझी माती होईल, मातीवर गवताचं फूल उगवेल, ते घोडा खाईल, आणि मग घोड्याच्या मागून जे पडतं ते मी एक दिवस वाटेत पाहीन, आणि मनात म्हणेन, गड्या, तू काही फारसा बदलला नाहीस. हशा ठरलेला. पण याच मॅक्रेने आपल्या खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणी आल्या तेव्हा त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि त्यावर अतिशय गंभीर कविता लिहिल्या. १९९० साली लोककलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळालेला तो पहिला काउबॉय कवी. लोक मात्र प्रत्येक ठिकाणी पुनर्जन्माचीच फर्माईश करत.

परंपरा म्हणजे साचा, असंही कुणी समजू नये. टेक्सासच्या बक रॅम्झीला घोड्याच्या अपघातानंतर उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत काढावं लागलं. त्याने आपली दीर्घ कविता लिहिली ती रशियन कवी पुश्किनच्या चौदा ओळींच्या कडव्यात. गवताच्या माळावरचा पोरसवदा काउबॉय आणि पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यातलं वृत्त. ऐकायला विजोड वाटतं, पण ते कडवं दुडक्या चालीने असं चालतं की वृत्त परकं आहे हे लक्षातही येत नाही. जॉर्जी सिकिंग ॲरिझोना आणि नेवाडात पुरुषांच्या बरोबरीने गुरं राखत राहिली आणि त्याविषयी लिहीत राहिली. पॉल झारझिस्की रोडिओत, म्हणजे काउबॉयच्या कसबाच्या स्पर्धांत, उसळत्या घोड्यावर बसणारा, आणि कविता मुक्तछंदात. त्याच्या यमक सोडण्यावरून एल्कोत खडाजंगी झाली. मी स्वतः यमकाच्या बाजूचा आहे, पण तो वाद झाला हे चांगलं झालं. ज्यावर भांडण होतं ती गोष्ट जिवंत असते.

एक उणीव मात्र सांगायला हवी. ही कुरणं मोकळी झाली ती आधी तिथल्या मूळनिवासींना हुसकून आणि गव्यांचे कळप कापून. जुन्या कवितांत हे जवळपास येतच नाही. आणि गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की एल्कोच्या उत्तरेला डक व्हॅलीच्या राखीव प्रदेशात शोशोनी आणि पायुट लोक स्वतः पिढ्यान् पिढ्या गुरं राखतात, उत्तम बकारू आहेत. त्यांचा आवाज या कवितेत जितका यायला हवा तितका अजून आलेला नाही.

एल्कोचं संमेलन पहिल्यांदा भरलं जानेवारी १९८५ मध्ये. हॅल कॅनन आणि पश्चिमेकडच्या राज्यांतले काही लोकसाहित्याचे अभ्यासक रँचोरँच फिरले, गुरांच्या दवाखान्यात, खोगिरांच्या दुकानात, खाणावळीत विचारत: तुमच्याकडे कुणी कविता म्हणतं का? आधी नकार यायचा, मग कुणीतरी सांगायचं, अमक्याच्या म्हाताऱ्याला येतात. अशी माणसं एका गावात आणली, आणि ज्यांना वाटत होतं की हे वेड आपल्या एकट्यालाच आहे, त्यांनी एकमेकांना पाहिलं. नेवाडाचा बकारू वॅडी मिचेल तिथूनच देशभर पोचला. २००० साली अमेरिकी सिनेटने या मेळ्याला ‘राष्ट्रीय’ म्हणून मान्यता दिली. २०११ मध्ये सिनेटर हॅरी रीड यांनी अंदाजपत्रकावर बोलताना या संमेलनाचा उल्लेख केला, तेव्हा ‘काउबॉय कविता’ हा शब्दच उधळपट्टीचं उदाहरण म्हणून टिंगलीचा विषय झाला. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी एक तरी कविता नीट ऐकली होती, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

ऐकायचीच असेल तर कशी ऐकावी, ते एका विषयावरून सांगतो.

मार्चमधली रात्र, पारा शून्याच्या बराच खाली. पहिलारू गाई व्यायला लागलेल्या, म्हणून दर दोन तासांनी कुणीतरी टॉर्च घेऊन वाड्यात चक्कर मारतं. वासरू अडलं तर हात घालून, पायांना साखळी लावून ओढावं लागतं. बाहेर पडलेलं ओलं वासरू तासाभरात कोरडं होऊन चीक प्यायलं नाही तर कान गोठून गळून पडतात, नाहीतर वासरूच जातं. गारठलेली वासरं स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी आणून ठेवलेली असतात. अशा रात्री एका गाईचं वासरू मेलेलं जन्मतं, आणि दुसरीकडे एक गाय मरते, तिचं वासरू जिवंत. गाय परक्या वासराला जवळ येऊ देत नाही, ती वासावर जाते. आपल्याकडे मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवत, तिला पान्हा फुटावा म्हणून. तिकडे ते कातडं सोलून जिवंत, पोरक्या वासराच्या पाठीवर अंगरखा घालावा तसं चढवतात, पायांसाठी भोकं पाडून, सुतळीने बांधून.

या प्रसंगावरची कविता कवी म्हणतो तेव्हा तो चाकूचं कारण सांगत नाही. खिशातून चाकू निघाला, एवढंच तो म्हणतो, आणि सभागृह गप्प होतं, कारण समोर बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी ते स्वतः केलेलं असतं, बोटं बधिर झालेली असताना. मग कवी गाईकडे वळतो. ती हुंगते. मागे सरते. पुन्हा हुंगते. इथे ओळी आखूड होत जातात आणि यमक मुद्दाम लांबवलेलं असतं. शेवटी वासरू तिच्या कासेशी ढुशी देतं आणि ती उभी राहते.

तीन-चार दिवसांनी सुतळी कापून ते कातडं काढून टाकतात. तोवर तिचं दूध पोटातून गेल्याने वासराला तिचाच वास यायला लागलेला असतो.